चमचा कोणाच्या हातात

३ फेब्रुवारी
बोगद्याचा कॅम्प

मुंगीच्या आईस,

तुझं पत्र शुक्रवारी रेशनच्या ट्रकबरोबर आलं, बटाट्याच्या पोत्याखाली चेपून. आता तू म्हणशील, दहा महिने झाले तरी अजून फोनची सोय नाही का. ऑफिसात एक आहे, पण तिथे रांगेत उभं राहून बायकोशी बोलायचं म्हणजे मागचे बाराजण कान टवकारून उभे. त्यापेक्षा माझं हे वाकडंतिकडं अक्षर बरं. पाचवीत शाळा सुटली त्याला मी तरी काय करू.

तू लिहिलंस की पाळणाघराच्या मोठ्या बाईंनी तुला ट्रेनिंगला निवडलं. वाचून छाती फुगली. पुढे वाचतो तर ट्रेनिंग कशाचं, लहान पोरांना भरवण्याचं. मी खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारच्या खाटेवर भोंगा असतो, हळू बोलणं त्याला जमत नाही म्हणून हे नाव. तो म्हणाला, उद्या झोपायचंही ट्रेनिंग निघेल, त्यात मी पहिल्या नंबराने पास होतो.

अगं, भरवायचं ट्रेनिंग मीच देतो की. विसरलीस का? मुंगीला वरचं अन्न सुरू केलं तेव्हा तू अर्धा अर्धा तास चमचा घेऊन बसायचीस आणि वाटी तशीच. मग मी तिला मांडीत पक्की धरायचो, तिचे दोन्ही हात माझ्या डाव्या हातात, उजव्या हाताच्या करंगळीत किल्ल्यांचा जुडगा. जुडगा वाजला की तोंड उघडायचं आणि चमचा आत. पाच मिनिटांत वाटी लख्ख. आई तेव्हा आपल्याकडे होती, शेजारणीला बोलावून दाखवायची, बापाच्या हातून कशी खाते बघा म्हणून. मी चार नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, एका जागी माझं बूड टिकत नाही हे सगळं घर म्हणतं. पण हे एक काम मला येत होतं, आणि ते दोनच महिने करायला मिळालं.

आता ती कोणाच्या हातून खाते? आणि तुझ्या त्या वर्गात कोण कोण असतं? सगळ्या बायकाच ना? सविस्तर लिही.

तुझा,
मुंगीचा बाप

११ फेब्रुवारी

अहो,

पत्र मिळालं. तुमच्याकडच्या बटाट्याचा वास अजून येतोय त्याला.

ट्रेनिंगला हसू नका. सहा आठवड्यांचं आहे आणि त्यावर आपलं बरंच अवलंबून आहे. पास झाले तर दोन वर्षांखालच्या मुलांची खोली माझ्या ताब्यात येईल, आणि त्या खोलीच्या प्रमुख बाईला आपलं मूल जवळ ठेवता येतं. नापास झाले तर मी मदतनीस ती मदतनीस, आणि जूनपासून मदतनिसांची मुलं पाळणाघरात ठेवणार नाहीत. मग मुंगी तुमच्या आईंकडे, बसने चार तास लांब, आणि मी रविवारची आई.

शिकवायला एक ताई येतात. त्या म्हणतात, काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाने. मूल पुढे झुकलं, चमच्याकडे बघून तोंड उघडलं म्हणजे भूक आहे. तोंड फिरवलं, ओठ मिटले, भाताशी खेळायला लागलं म्हणजे पुरे. ऐकायला सोपं वाटतं. पण आम्ही एकेका बाईने पाच पाच मुलं ओळीत बसवून भरवलेली आहेत, आमचं लक्ष वाटीकडे असतं, तोंडाकडे नसतं.

काल जोड्या लावल्या. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने भरवायचं. मूल झालेल्याने बोलायचं नाही. आम्ही बाराजण आहोत, अकरा बायका आणि एक आमचा आचारी. माझी जोडी त्याच्याशी लागली. पहिल्या वेळी ताईंनी घाई करायला सांगितली होती. त्याने असं दही भरवलं की अर्धं हनुवटीवर, चमचा दातांवर आपटलेला. दुसऱ्या वेळी सांगितलं, आता समोर बसा, तोंडाकडे बघा, थांबा. मी मुद्दामच ओठ मिटून बसले. तो चमचा हवेत धरून थांबला. घड्याळात बघितलं नाही, काही नाही. इतका वेळ माझ्यासाठी कोणी थांबलेलं मला आठवत नाही. मग दही खाल्लं तर ते गोडच लागलं.

मुंगीला अजून एक दात येतोय. ती आता बऱ्यापैकी आपल्या हाताने खाते.

तुमची,
मुंगीची आई

१८ फेब्रुवारी

मुंगीच्या आईस,

पत्र तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचत होतो तर भोंग्याने ओढून घेतलं आणि त्याच्या आवाजात वाचलं. आता सगळ्या कॅम्पला माहीत आहे की माझ्या बायकोला एका आचाऱ्याने दही भरवलं आणि ते तिला गोड लागलं.

इतका वेळ माझ्यासाठी कोणी थांबलेलं आठवत नाही, असं तू लिहिलंस. मी डोंगराच्या पोटात दहा महिने थांबलोय ते कोणासाठी? मी, ज्याला एका ठिकाणी दहा दिवस निघत नाहीत. तो एक मिनिट चमचा धरून थांबला तर तुझ्या डोळ्यांत भरला.

त्याचे हात कसे आहेत? आचाऱ्यांचे हात मऊ असतात, सारखे पाण्यात आणि पिठात. माझे बघशील तर ओळखणार नाहीस, सिमेंटने सालपटं निघालीत. वय काय त्याचं? लग्न झालंय का? भरवताना हसत होता का? चमचा एकच होता का दोन? तू सगळं लिहितेस आणि नेमकं हेच कसं राहतं.

पाण्यासाठी नंबर लावून बसलो की डोळ्यासमोर तेच येतं. तू ओठ मिटून बसलीस असं लिहिलंस. माझ्यासमोर रुसून ओठ मिटायचीस तेव्हाची तू मला आठवते, आणि आता तेच दुसरा कोणी समोर बसून बघतो. आणि तो मुंगीलाही भरवतो का? माझ्या माघारी त्या घरात माझं म्हणून काय उरलंय ते तरी कळू दे.

हे ट्रेनिंग बंद कर. आईचा निरोप आहे, ती मुंगीला सांभाळेल. तूही तिकडेच जा. खोली नको आणि प्रमुख नको.

मुंगीचा बाप

२६ फेब्रुवारी

अहो,

वय तुमच्याएवढं. लग्न झालेलं नाही. दिसायला बरा आहे. चमचे दोन होते, प्रत्येकाचा वेगळा. विचारलंत म्हणून सांगितलं.

मुंगीला तो भरवत नाही. सगळ्या मुलांचं जेवण तो रांधतो आणि दुपारी ती काय खातात, काय टाकतात ते बघायला कोपऱ्यात येऊन बसतो. गेल्या आठवड्यात मुंगीने सात वेळा भोपळा थुंकला. त्याने आठव्यांदा एवढासाच तुकडा ताटात ठेवला आणि पाठ करून बसला. तो तिने खाल्ला. मला आनंद झाला. तुम्हालाही झाला असता, कोणी केलं ते न विचारता.

चमचा घेऊन कोणी समोर बसलं की मुंगी जरा बिचकते. ताई म्हणतात, जाईल हळूहळू.

ट्रेनिंग मी सोडणार नाही. अजून तीन आठवडे आहेत. तुमच्या रागाचं मला वाईट वाटतं, पण मुंगीला सोडून राहायचं मला जमणार नाही, आणि तुम्ही दहा महिने राहिलात म्हणून तुम्हाला ते समजायला हवं.

हातांना खोबरेल लावत जा.

मुंगीची आई

५ मार्च

प्रति,
माननीय मोठ्या बाई,
पाळणाघर

विषय : पत्नीस परपुरुषाने दही न भरवण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की, अर्जदाराची पत्नी आपल्या पाळणाघरात मदतनीस असून सध्या मुलांना भरवण्याचे शिक्षण घेत आहे. सदर शिक्षणात तिची जोडी आचाऱ्याशी लावण्यात आल्याचे तिच्या पत्रावरून समजते. अर्जदार कामानिमित्त दूर असल्याने प्रत्यक्ष हजर राहून हरकत घेऊ शकत नाही.

तरी सदर आचाऱ्यास दुसरी जोडी द्यावी, अथवा त्यास वर्गातून कमी करावे, अथवा अर्जदाराच्या पत्नीस मुक्त करावे. भरवण्याचे शिक्षण आवश्यकच असल्यास अर्जदार रजेवर आल्यावर ते स्वतः देण्यास तयार आहे. अर्जदारास या कामाचा दोन महिन्यांचा अनुभव आहे.

कळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही) मुंगीचे वडील

अर्ज लिहिणार : हजेरीमास्तर, बोगद्याचा कॅम्प

१५ मार्च

अहो,

तुमचा अर्ज पोचला. मोठ्या बाईंच्या आधी तो कारकुनाने फोडला, त्यामुळे दुपारपर्यंत स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत सगळ्यांचा वाचून झाला होता. जेवायला बसले तर एकीने माझ्या पानात दही वाढताना विचारलं, याला परवानगी आहे ना? सगळ्या हसल्या. मीही हसले. हसले नसते तर रडावं लागलं असतं.

मोठ्या बाईंनी मला आणि आचाऱ्याला समोरासमोर उभं केलं. त्या काही बोलायच्या आत तो म्हणाला, माझ्यामुळे कोणाच्या घरात भांडण नको, मी वर्गाला येत नाही. आणि गेला. त्याचे दोनच दिवस उरले होते. हजेरी पुरी नसली तर तो नापास होणार, आणि त्याने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. बाईंनी मला विचारलं, तू काय करणार. मी म्हटलं, मी येणार.

आता एक सांगते. हे तुम्हाला लिहिणार नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात ताई म्हणाल्या, तुमच्या घरी मुलाला कसं भरवलं ते करून दाखवा. मी उठले. आचाऱ्याला म्हटलं, तू माझा नवरा हो, मी मुलगी होते. माझे दोन्ही हात तुझ्या एका हातात धर, किल्ल्या वाजव आणि तोंड उघडलं की चमचा घाल. तो नको म्हणत होता, मीच हट्ट केला. वर्गात सगळे हसत होते, मीसुद्धा.

त्याने हात धरले आणि माझं हसू गेलं. सोडवायला गेले तर सुटेनात. नको म्हणायला मी तोंड उघडलं आणि चमचा आत आला. मी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा आला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्याने घाबरून चमचा खाली टाकला.

मुंगी किल्ल्यांसाठी तोंड उघडत नव्हती हो. ती रडायला उघडत होती.

मी तेव्हा दारात उभी असायचे. वाटी रिकामी झाली म्हणून मीही खूश व्हायचे, पाळणाघरात मीही तेच करायचे. म्हणून सगळा दोष तुमच्यावर टाकत नाही. पण आजही कोणी चमचा घेऊन समोर बसलं की मुंगी आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालते. दीड वर्षावरची पोर, कोणी धरू नयेत म्हणून स्वतःचे हात लपवून बसते. मी तुम्हाला लिहिलं होतं की जरा बिचकते. ते खोटं होतं, जरा नाही.

हे मी गिळून टाकलं असतं. पण तुम्ही अर्जात दोन महिन्यांचा अनुभव लिहिलात.

मुंगीची आई

९ एप्रिल
बोगद्याचा कॅम्प

मुंगीच्या आईस,

हे अक्षर माझं नाही, ते तू अर्जावरून ओळखशील. मी सांगतोय, हजेरीमास्तर लिहीत आहेत. तीन आठवडे उत्तर नाही म्हणून तू समजली असशील की मी रुसलो. रुसलो असतो तरी रुसल्याचं पत्र पाठवलंच असतं, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

हात भाजलेत. आगीने नाही, ओल्या काँक्रीटने. हातमोज्यात शिरलं होतं, मी पाळी संपेपर्यंत तसाच राहिलो. तुझं पत्र येऊन पडलंय असं कळलं होतं, डोकं तिकडे. मोजे काढले तर कातडी मोज्याबरोबर आली. डॉक्टरने दोन्ही हात मनगटापर्यंत बांधून टाकले. आता बरं आहे, घाबरू नकोस. बोटं शाबूत आहेत.

पाकीट फोडायला हात नव्हते, म्हणून तुझं पत्र मास्तरांनीच वाचून दाखवलं. एका जागी ते थांबले, चष्मा पुसला आणि पुढचं हळू वाचलं. कुठल्या जागी ते सांगत नाही. भोंग्याने त्या दिवशी पत्र ओढून घेतलं नाही.

मला भरवायचं काम भोंग्याकडे आलं. त्याला पाळीवर जायची घाई. पहिला घास गिळायच्या आत दुसरा ओठाला टेकलेला. उकडलेला अख्खा बटाटा घालायचा तोंडात. मी थांब म्हणायला तोंड उघडलं की घास आत. तुझं पत्र ऐकून दोन दिवस झाले होते, तेव्हा मला काय आठवलं असेल ते तूच समज. तिसऱ्या दिवसापासून भोंगा ताट घेऊन येताना दिसला की मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. भूक असायची, तरी पडायचो. तो चारचौघांत सांगत सुटला की ह्याचे नखरे फार.

शेवटी मी सांगितलं, अरे, समोर बस, माझ्याकडे बघ, मी तोंड उघडेपर्यंत थांब. तो म्हणाला, बायकोचं ट्रेनिंग माझ्यावर नको. पण दुसऱ्या दिवशी बादली पालथी घालून समोर बसला. इतका टक लावून बघत होता की मलाच तोंड उघडायची लाज वाटली. दोघेही हसलो. मग तो थांबला. मी जेवलो. किती दिवसांनी पोट भरल्यासारखं वाटलं.

आई मला असंच धरून भरवायची, मी मुंगीला तसंच भरवलं, त्यात वाकडं काही आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. हे मी सुटण्यासाठी सांगत नाही. ती हात मांड्यांखाली घालते, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि बांधलेल्या हातांनी मला डोळेही पुसता येत नाहीत.

मोठ्या बाईंना दुसरा अर्ज धाडतोय, पहिला मागे घेण्याबाबत. त्यात लिहिलंय की आचाऱ्याची काही चूक नाही, त्याला उरलेले दोन दिवस भरून द्यावेत. अनुभवाची ओळही मागे घेतली आहे.

पण खोटं लिहीत नाही, मास्तर लिहीत असले तरी. त्या माणसाचा राग गेलेला नाही. आधी त्याने तुला भरवलं म्हणून यायचा. आता त्याला थांबणं जमलं म्हणून येतो.

मुंगीचा बाप

ता. क. – लेखकाकडून : वहिनी, पहिल्या अर्जातली भाषा माझी होती. मला ती तेव्हा फार जमल्यासारखी वाटली होती. क्षमा असावी. – हजेरीमास्तर

१७ एप्रिल

अहो,

हात कसे आहेत ते आधी कळवा, आणि खरं. तुम्ही जरा म्हणालात की मला आता जास्त वाटतं, ती सवय मीच लावली.

मी तीन आठवडे तुमच्यावर चिडून होते. रोज टपालवाला रिकामा गेला की म्हणायचे, बसू दे कुढत. आणि तुम्ही तिकडे भिंतीकडे तोंड करून पडला होता. भोंग्याभाऊजींना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, घास छोटा करा, बटाटा कुस्करून द्या.

तुमचा दुसरा अर्ज मोठ्या बाईंनी स्वतः स्वयंपाकघरात नेऊन आचाऱ्याला दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. त्याने दोन दिवस भरून काढले. आम्ही बाराच्या बारा पास झालो. खोली मला मिळाली. मुंगी माझ्याजवळ राहणार.

आता दुसरी गोष्ट. ताई म्हणतात, आम्ही जे करून दाखवलं, किल्ल्यांचं, ते बघून वर्गातल्या बायका दुसऱ्याच दिवशी मुलांना वेगळ्या तऱ्हेने भरवायला लागल्या. म्हणून मे महिन्यात आणखी तीन पाळणाघरांत शिकवायला मला आणि आचाऱ्याला पाठवणार आहेत. महिनाभर. तेच करायचं, तो तुम्ही होणार आणि मी मुंगी. तुमचं नाव कुठेच घेणार नाही, ते मी ताईंना बजावलंय. गाडी चार मेची. राहायची सोय माझी वेगळी, बायकांच्या वसतिगृहात.

तिथे मूल नेता येत नाही. मुंगी महिनाभर कुठे राहील ते ठरायचं आहे. आईंकडे ठेवायचं माझ्याने होत नाही, त्या पुन्हा हात धरतील. शेजारच्या मावशी ठेवून घेईन म्हणाल्यात, मुंगी त्यांना ओळखते.

मी परवानगी मागत नाही, एवढं आता तुमच्या लक्षात आलं असेल. पण तुम्हाला न सांगता बॅग भरवेना. उत्तर लवकर द्या.

तुमची,
मुंगीची आई

२६ एप्रिल
बोगद्याचा कॅम्प

मुंगीच्या आईस,

हे अक्षर माझं आहे. नवी कातडी आलीय, गुलाबी, आचाऱ्याच्या हातापेक्षा मऊ असेल. पेन धरलं की चुरचुरतं, म्हणून अक्षर नेहमीपेक्षाही वाईट. डॉक्टरने सिमेंटला हात लावायची बंदी केलीय, पूर्ण मे महिना रजा.

तुझं पत्र वाचून मी सरळ बोगद्याच्या तोंडापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. भोंगा म्हणाला, काय झालं. म्हटलं, बायको पास झाली. तो म्हणाला, मग तोंड असं का.

तोंड असं का ते तुला सांगतो. महिनाभर, तीन गावांत, तो मी होणार आणि मी कुठेच नसणार. तो तुझे हात धरणार, मग सोडणार, मग समोर बसून थांबणार, आणि लोक म्हणणार बघा कसं करावं. माझ्या मनात आग पेटते. विझेल असं वाटत नाही आणि विझली असं लिहिणारही नाही.

तू जा. हे मी परवानगी म्हणून लिहीत नाही, तू मागितलेली नाहीस. तू निघताना कोणीतरी जा म्हणावं, तेवढ्यासाठी लिहितो.

आणि नाव घेणार नाही असं ताईंना बजावलंस, ते बजावू नकोस. विचारलं कोणी, तर सांग की हे माझ्या नवऱ्याने केलं. वाईट असलं तरी ते मी केलेलं आहे, आचाऱ्याने नाही. तेवढं तरी त्याच्या नावावर जाऊ देऊ नकोस.

मी दोन तारखेला पोचतो. तुझी गाडी चार तारखेला. मावशींकडे कशाला, मुंगीला माझ्याजवळ ठेव, असं लिहायला हात शिवशिवतोय. सगळं पाठ केलंय मी. समोर बसेन, खाली, तिच्या उंचीला. ताटात थोडंसंच वाढेन. मी माझं जेवेन, तिने तिचं जेवावं. नाही जेवली तर ताट उचलेन आणि दोन तासांनी पुन्हा ठेवेन, मध्ये शेजारणीला बोलावणार नाही. तिने हात मांड्यांखाली घातले तर उठून लांब बसेन. दारात बसेन. दाराबाहेर बसेन.

तरी तू लगेच हो म्हणू नकोस. ती मला ओळखत नाही. तिच्या लेखी मी किल्ल्या वाजवणारा कोणीतरी आहे, का तेही नाही, मला माहीत नाही. दोन दिवस आपण तिघं एका खोलीत असू. तेव्हा तिलाच विचारून ठरव, बापाजवळ राहायचं का मावशीजवळ. तिला अजून बोलता येत नाही, ते मला कळतं. पण तुम्हा लोकांना तोंडाकडे बघून समजतं म्हणे. तर तू बघ, आणि ती मावशीकडे बघत असली तर मला तसंच सांग.

तुझा,
मुंगीचा बाप